पोलाद आणि भूर्ज : फिनलंडच्या शिकारी सुरीची घडण

शिकारीच्या सुरीविषयी आपल्याकडे जी कल्पना रूढ आहे, ती बहुतांशी चित्रपटांनी आणि साहसकथांनी घडविलेली आहे : हातभर लांबीचे वाकडे पाते, त्याच्या पाठीवर करवतीसारखे दाते, मुठीपाशी आडवी पितळी पट्टी, आणि असे हत्यार घेऊन श्वापदावर झेप घेणारा वीर. प्रत्यक्षात ज्या देशांत शिकार हा आजही ग्रामीण जीवनातील एक नियमबद्ध आणि परवान्याने चालणारा व्यवहार आहे, तेथे श्वापद पडते ते बंदुकीच्या गोळीने. सुरीचे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते काम म्हणजे पोट उघडून आतडी काढणे, कातडे सोडविणे, सांधे मोकळे करणे आणि मांसाचे वाटे पाडणे. या कामाला लांब पाते निरुपयोगीच नव्हे, तर घातक ठरते. कारण पोटाच्या पोकळीत त्याचे टोक हाताला उमगेनासे होते, नको तेथे शिरते, आतड्याला भोक पाडते आणि सगळे मांस नासविते. खऱ्या शिकाऱ्याची सुरी म्हणून आखूड असते, आणि तिचे सारे सामर्थ्य दोन गोष्टींत साठविलेले असते : पात्याच्या धारेत आणि हाताच्या पकडीत. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आणि ते उचितच झाले. तरीही विस्तवातून निघालेले पोलाद आणि झाडातून निघालेले लाकूड या दोन विरुद्ध स्वभावांच्या पदार्थांना एकत्र नांदविण्याचा हा हुन्नर इतका सूक्ष्म आहे की, ज्याला सुरीने फळापलीकडे काहीही कापावयाचे नाही अशा वाचकानेही तो समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

या हुन्नराचे सर्वांत निर्मळ रूप मला फिनलंडच्या ‘पूक्को’ या सुरीत दिसते. पूक्कोचे पाते साधारणपणे नऊ-दहा सेंटीमीटर लांब, पाठीकडे तीन-चार मिलिमीटर जाड, आणि पाठ बहुधा सरळ; मूठ पात्याहून किंचित लांब, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. हाताला अडविणारी आडवी पट्टी तिला परंपरेने नसतेच, कारण ही सुरी भोसकण्यासाठी नसून ओढून, दाबून, तासून कापण्यासाठी आहे, आणि लाकूड तासताना किंवा कातडे सोडविताना बोट पात्याच्या पाठीवर सरकविता आले पाहिजे. शरद ऋतूत तेथील शिकारमंडळ्या कुत्री घेऊन ‘हिर्वी’ नावाच्या थोराड सांबरवर्गीय प्राण्याच्या मागावर निघतात आणि मांसाची वाटणी आपसांत करतात. त्या वेळी कमरेला जी सुरी लटकते, तीच पुढे घरी मासे साफ करते, चूल पेटविण्यासाठी ढलप्या काढते आणि मुलांना खेळणी कोरून देते. शिकारीची वेगळी सुरी आणि घरकामाची वेगळी सुरी हा भेद त्या परंपरेला फारसा मान्य नाही. उत्तरेकडील सामी लोकांची लेऊकू नावाची मोठी सुरी मात्र याहून निराळी. तिने फांद्या तोडतात, हाडे फोडतात, आणि जवळपास कुऱ्हाडीचेच काम घेतात.

या सुरीचा लौकिक नेहमीच सौम्य होता असे नाही. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडील ऑस्ट्रोबोथ्निया प्रांतात सुरीबाज दांडग्यांच्या टोळ्यांनी लग्नसमारंभांतून आणि बाजारांतून जो धुमाकूळ घातला, त्याच्या हकिकती सरकारी दप्तरांत आहेत आणि लोकगीतांतही आहेत. परंतु त्याच प्रांतातील कौहावा या गावाने पूक्को बनविण्याचे कसब इतके वाढविले की, १८७९ मध्ये तेथे ईसाक्की यार्वेनपा या कारागिराने सुरू केलेला कारखाना देशभर नावारूपास आला, आणि घोड्याच्या डोक्याच्या आकाराची पितळी मूठबोंडी असलेली कौहावाची सुरी मानाची भेट म्हणून दिली जाऊ लागली. त्यापूर्वीच, १६४९ मध्ये स्थापन झालेल्या फिस्कार्स येथील लोखंडाच्या कारखान्याने १८३२ पासून सुऱ्या-काट्यांचे उत्पादन हाती घेतले होते. आणि १९२८ मध्ये उत्तरेकडील रोव्हानिएमी येथे यान्ने मार्टीनी याने उभा केलेला सुऱ्यांचा कारखाना आजही चालू आहे. यंत्राची ही सुरी स्वस्त आहे, चांगलीही आहे; तथापि गावोगावचे हातकारागीर तिच्यापुढे नामशेष झाले नाहीत, याचे श्रेय मी त्यांच्या मुठींना देतो, पात्यांना नव्हे.

फिनिश लोकांच्या मनात सुरीचे जे स्थान आहे, ते त्यांच्या ‘कालेवाला’ या महाकाव्यावरून कळते. एलिआस ल्योनरोत याने खेड्यापाड्यांतून लोकगीते गोळा करून १८३५ मध्ये ते प्रथम सिद्ध केले आणि १८४९ मध्ये विस्तारून पुन्हा प्रसिद्ध केले. त्यात कुल्लेर्वो नावाचा पोरका तरुण गुरे राखण्यास जातो, तेव्हा मालकीण त्याच्या शिदोरीच्या भाकरीत दगड घालून ती भाजते. भाकर कापताना त्याची सुरी त्या दगडावर मोडते, आणि ही सुरी त्याच्या बापाची एकमेव आठवण असल्यामुळे त्यातून जो सूड उगवतो तो त्या मालकिणीचा प्राण घेतो. सुरी मोडणे हे एखाद्या शोकांतिकेला कारण होऊ शकते, ही गोष्ट ज्या समाजात ऐकणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही, त्या समाजात सुरी घडविणाऱ्यावर केवढी जबाबदारी पडत असेल!

आता पात्याकडे वळू. लोहार ज्या पोलादातून पाते घडवितो, त्यात शंभर भागांत सुमारे पाऊण ते एक भाग कार्बन असतो, आणि या अल्पशा कार्बनावरच सर्व काही अवलंबून असते. साध्या तापमानाला लोखंडाच्या अणूंची जी मांडणी असते, तिच्यात कार्बनाला जवळजवळ जागाच नसते. ७३० अंश सेल्सिअसच्या आसपास ती मांडणी पालटू लागते, आणि नव्या मांडणीत कार्बन सुखाने विरघळतो. पाते ऐरणीवर ठोकून, कानशीने आकारास आणून झाले म्हणजे लोहार ते पुन्हा सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवितो. ही उष्णता ओळखण्यासाठी भट्टी अंधाऱ्या जागी असावी लागते, कारण भर उजेडात लाल आणि नारिंगी यांतील भेद डोळ्यांना फसवितो. शिवाय लोखंड ७७० अंशांवर आपले चुंबकत्व गमावीत असल्यामुळे, तापलेले पाते लोहचुंबकाला चिकटेनासे झाले की अजून थोडेसेच तापवावयाचे आहे, अशी खातरजमा करून घेता येते. यापुढे अधिक तापविणे हा लोभ होय. त्याने पोलादाचे कण मोठे होतात आणि पाते ठिसूळ होते.

मग त्या लालभडक पात्याला पाणी द्यावयाचे. आज बहुतेक कारागीर यासाठी कोमट केलेले तेल वापरतात, कारण पाण्याच्या अतिवेगवान थंडाव्याने पातळ पाते तडकण्याची भीती असते. एकाएकी थंडावा बसल्यामुळे कार्बनाला बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही, तो लोखंडाच्या मांडणीत कोंडला जातो, ती मांडणी ताणली जाते, आणि मार्टेन्साइट नावाचे अत्यंत कठीण रूप सिद्ध होते. ‘कालेवाला’च्या नवव्या सर्गात याच क्षणाची एक विलक्षण कथा आहे : लोहार इल्मारिनेन हा पोलादाला पाणी देण्यासाठी मधमाशीकडे मध मागतो, पण ते ऐकून गांधीलमाशी सापाचे विष आणून त्या पाण्यात टाकते, आणि लोखंड त्या दिवसापासून माणसाचे रक्त काढू लागते. पोलादाचा स्वभाव पाणी देण्याच्या त्या एका क्षणात ठरतो, हे ज्ञान भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या माणसांनीच त्या गीतात घातले असले पाहिजे.

असे पाणी दिलेले पाते काचेसारखे असते, फरशीवर पडले तर तुकडे व्हावेत इतके. म्हणून १८० ते २०० अंशांच्या उष्णतेत ते दोन तास ठेवून त्याचा कठीणपणा थोडा उतरवितात. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठावर त्या वेळी वाळलेल्या गवताचा फिकट पिवळा रंग उमटतो. तो गडद होऊन तपकिरी आणि पुढे जांभळा-निळा झाला तर धार लवकर मरेल असे समजावे. धारेचा उतार हा पूक्कोचा आणखी एक विशेष : तो पात्याच्या अर्ध्या उंचीपासून सपाट निघून थेट धारेपर्यंत जातो, मध्ये दुसरा बारीक उतार नसतो. सुरी धार लावण्याच्या दगडावर ठेवली की हा रुंद सपाट भाग आपोआप बरोबर कोनात टेकतो, आणि अरण्यात, मावळत्या उजेडात, फारसा सराव नसलेल्या माणसालाही तिला नीट धार लावता येते. याची किंमतही आहे. इतकी पातळ धार हाडावर आडवी फिरविली तर तिचे कपचे उडतात, म्हणून जाणता शिकारी सांधा कापतो, हाड तोडीत नाही.

पाते एकदा सिद्ध झाले म्हणजे त्याची प्रकृती ठरून गेली. लाकडाचे तसे नाही. झाड तोडल्यावर, फळी वाळल्यावर, मूठ घडून तेलपाणी झाल्यावरही लाकूड हवेतील दमटपणा घेत आणि सोडीत राहते, फुगते आणि आकसते. आणि तेही सर्व दिशांनी सारखे नव्हे. रेषांच्या दिशेने ते जवळपास हलतच नाही, परंतु वर्तुळवलयांच्या दिशेने होणारे त्याचे आकसणे हे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतील आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. आता अशी मूठ शरदाच्या भिजक्या अरण्यात दिवसभर राहून रात्री शेगडीने कोरड्याठाक झालेल्या खोलीत येते. तिच्या पोटात पात्याचे पोलादी शेपूट आणि तिच्या तोंडाशी पितळेची टोपी, आणि ही दोन्ही दमटपणाने तसूभरही हलत नाहीत. कारागिराचे खरे कसब येथे लागते, आणि सुऱ्यांवरील लिखाणात पात्याच्या गौरवापुढे याची जी उपेक्षा होते, ती मला अन्यायाची वाटते.

फिनलंडमध्ये मुठीसाठी सर्वांत मानाचे लाकूड म्हणजे वीसाकोइव्हू, अर्थात गाठाळ भूर्ज. आपल्या जुन्या पोथ्यांना ज्याने पत्रे पुरविली, त्या हिमालयातील भूर्जाचा हा उत्तरेकडील भाऊबंद. आणि त्याच्या रुपेरी जातीतील काही झाडांत आनुवंशिक विकृतीमुळे खोडाची वाढ खुंटते, लाकूड पिळवटते, आणि फिकट मधाळ रंगावर तपकिरी काकपदांसारख्या खुणांची नक्षी उमटते. झाड वेडेवाकडे आणि हळू वाढणारे असल्यामुळे इमारतीला त्याचा उपयोग नाही. परंतु ते घट्ट असते, त्याच्या रेषा एकमेकींत गुंतल्यामुळे सहसा चिरफळत नाही, आणि त्या देशात ते मापाने न विकता वजनावर, किलोच्या दराने विकले जाते. भूर्जाचे दुसरे वरदान म्हणजे त्याची साल. उन्हाळ्याच्या आरंभी रस चढलेला असताना ती सहज सुटते. तिच्या चौकोनी तुकड्यांना भोके पाडून ते शेपटावर एकावर एक ओवतात, दाबतात, आणि त्या चळतीलाच मुठीचा आकार देतात. अशी मूठ हातात हलकी लागते, कडाक्याच्या थंडीत बोटांना गारठवीत नाही, आणि रक्ताने किंवा पाण्याने भिजली तरी निसटत नाही. शिकारीच्या सुरीसाठी मला तरी याहून अधिक प्रामाणिक मूठ ठाऊक नाही. जुनिपर, सफरचंद आणि मॅपल यांचाही उपयोग होतो. ओक मात्र जपून वापरावा लागतो, कारण त्यातील टॅनिन ओलाव्यात लोखंडाशी मिळून काळे डाग पाडते.

मूठ पात्याला जोडण्याची जुनी रीत आपल्या लोहाराला अनोळखी वाटणार नाही : गिरमिटाने लाकडात भोक पाडावयाचे, पात्याचे निमुळते शेपूट लाल करून त्या भोकात दाबावयाचे, आणि जळून तयार झालेल्या नेमक्या आकाराच्या खोबणीत ते घट्ट बसवावयाचे; कोयत्या-विळ्यांच्या मुठी आपल्याकडे अशाच बसवीत आले आहेत. फक्त हे करताना पाते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे लागते, अन्यथा शेपटाकडून सरकत येणारी उष्णता धारेचे पाणी उतरविते. पुष्कळदा शेपटाचे टोक मुठीच्या मागच्या बाजूने बाहेर काढून एका पितळी चकतीवर ठोकून पसरवितात, म्हणजे सगळी रचना दोन धातूंच्या मध्ये आवळली जाते. लाकडात पाणी शिरते ते मुख्यत्वे कापलेल्या टोकांकडून, जेथे त्याच्या नळ्या उघड्या पडतात. त्या टोकांना टोपी आणि चकती यांनी झाकणे यात शोभेपेक्षा संरक्षणाचा भाग मोठा आहे. शहाणे कारागीर पितळ आणि लाकूड यांच्यामध्ये भूर्जसालीचा किंवा चामड्याचा पातळ थर घालतात. लाकूड फुगले तर तो दबतो, आकसले तर तो पसरतो, आणि सांध्यात फट पडत नाही. आज पोकळी इपॉक्सी चिकटद्रव्याने भरून टाकण्याची सोय आहे आणि तिचा अव्हेर करण्याचे कारण नाही. परंतु अर्धवट वाळलेले लाकूड वापरले तर इपॉक्सीही काही वाचवू शकत नाही.

आकार देताना प्रथम जाड दात्यांची कानस आणि सुरीच, मग बारीक कानस, आणि शेवटी काचकागद. मुठीचा छेद पूर्ण गोल ठेवणे ही मोठी चूक होय. तो अंड्यासारखा, धारेच्या बाजूला किंचित निमुळता असला म्हणजे अंधारातही हाताला धार कोणीकडे आहे ते कळते, आणि ज्या देशाच्या उत्तर भागात हिवाळ्यात सूर्य कित्येक आठवडे उगवतच नाही, तेथे या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. काचकागद ८० नंबरापासून सुरू करून १२०, २४० असे चढत जावे, आणि प्रत्येक टप्प्यावर आधीचे सर्व ओरखडे पुसले गेल्याशिवाय पुढे जाऊ नये. आधीचा ओरखडा पुढील टप्प्यात लपतो आणि तेल लावताच काळी रेघ होऊन प्रकट होतो. पितळ आणि लाकूड एकत्र घासताना दोन धोके संभवतात. बोटांनी घासल्यास मऊ लाकूड अधिक झिजते आणि पितळी टोपीमागे खड्डा पडतो, म्हणून कागदाच्या पाठीशी कठीण सपाट ठोकळा हवा. दुसरे असे की, पितळेचा काळसर चुरा फिकट भूर्जाच्या छिद्रांत शिरून त्याला मळकट करतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात घासण्याची दिशा धातूकडून लाकडाकडे न ठेवता लाकडाकडून धातूकडे ठेवावी.

येथे एक क्रिया पुष्कळ नवशिके गाळतात. मूठ गुळगुळीत झाली असे वाटल्यावर ओल्या फडक्याने ती पुसून वाळू द्यावी; दबलेले तंतू पाणी पिऊन उभे राहतात आणि पृष्ठ पुन्हा खरखरीत होते. हे उठलेले तंतू बारीक कागदाने हलकेच कापून काढावे, आणि तंतू उठेनासे होईपर्यंत हेच पुन्हा करावे. असे न केल्यास पहिल्याच पावसात मूठ खरखरीत होते. ४०० नंबरापलीकडे फार जाऊ नये असे माझे मत आहे. आरशासारखी झिलई प्रदर्शनात शोभते, ओल्या हातातून मात्र ती निसटते.

नंतर तेल, आणि तेही जवसाचे. विदर्भात जे जवस शेतात पिकते आणि चटणीत खाल्ले जाते, त्याच्याच तेलात असा गुण आहे की, हवेतील प्राणवायूशी संयोग पावून त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रव तेलाचे चिवट घन पदार्थात रूपांतर होते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल वर्षानुवर्षे ओलेच राहील, कारण त्यात असे जोडले जाण्याजोगे बंध फार थोडे असतात. पहिला हात टर्पेंटाइन मिसळून पातळ द्यावा, म्हणजे तेल खोल मुरते. पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेले तेल पूर्ण पुसावे, एक दिवस वाळू द्यावे, आणि पुढील हात निर्भेळ तेलाचे द्यावेत. पृष्ठावर राहू दिलेले तेल चिकट कवच होऊन बसते आणि मग ते खरवडण्यावाचून गत्यंतर नसते. पुरते सुकण्यास काही आठवडे लागतात, आणि या विलंबाला पर्याय नाही. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात कधीही टाकू नयेत, कारण प्राणवायूशी होणाऱ्या त्या संयोगातून उष्णता निघते, ढिगात ती कोंडते, आणि फडकी आपोआप पेट घेतात; या कारणाने कर्मशाळा जळाल्या आहेत. फडकी पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी. शेवटी मधमाशीच्या मेणाचा एक पातळ हात पुरतो. व्हार्निशचा थर अधिक चमकतो खरा, परंतु तो एका ठिकाणी फुटला की तेथून ओलावा आत शिरतो आणि डाग पडतो. तेलाची मूठ मात्र मालक दरवर्षी स्वतःच पुन्हा ताजी करू शकतो.

आपल्या सह्याद्रीतील शिसवही परदेशी कारागिरांच्या सुऱ्यांना मुठी पुरवीत आले आहे. त्याच्या अंगचेच तैलद्रव्य इतके असते की, जवसाचे तेल त्यावर नीट सुकत नाही आणि चिकटद्रव्यही धरत नाही. जोडण्यापूर्वी त्याचे पृष्ठ अॅसिटोनने पुसावे लागते, आणि नंतर केवळ झिलई दिली तरी भागते. मात्र शिसवाच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ च्या आरंभापासून निर्बंध आले, कारण जगभर त्यांची बेसुमार तोड झाली होती. त्यापेक्षा भूर्जाचे गाठाळ लाकूड, जे लागवडीतून मिळते, ते मला सुरीच्या मुठीला अधिक योग्य वाटते.

राहिले म्यान. पूक्कोचे म्यान वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याचे असते. ते ओले करून सुरीवरच ताणून शिवतात, म्हणजे वाळल्यावर सुरीचाच आकार धरून राहते. ते मुठीचाही बराच भाग गिळते, त्यामुळे आडवी पट्टी नसूनही सुरी गळून पडत नाही. पात्याच्या भागाला आतून पातळ लाकडी खोळ बसवितात, जेणेकरून धार चामडे कापून मांडीत शिरू नये. घरी आल्यावर सुरी म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते आणि कार्बन-पोलादाला एका रात्रीत गंज चढतो. ती पुसून, पात्याला तेलाचे बोट लावून बाहेर ठेवावी. आणि फिनलंडच्या २००३ च्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्यान्वये सबळ कारणावाचून सार्वजनिक जागी सुरी बाळगण्यास मनाई असल्यामुळे, पिढ्यान्‌पिढ्या कमरेला लटकलेली ही सुरी आता तेथे वाटेल तेव्हा पट्ट्याला अडकवून हिंडता येत नाही.